'लेक' आणि बापाचे पैसे

परवा पुन्हा तेच झालं. एका घरी जेवायला गेलो होतो, जुन्या मोटार शर्यतींचा विषय निघाला, झान्डवूर्टचं नाव आलं, आणि एक गृहस्थ म्हणाले, "तो पर्ली ना? फ्रीजवाल्या श्रीमंत बापाचा मुलगा. सगळे पैसे गाड्यांवर उडवले. कंपनी बुडणारच होती." मी पाहुणा होतो, म्हणून भात कालवत गप्प बसलो. इथे ब्लॉग माझा आहे. :)

आधी कंपनीबद्दल. नाव 'लेक'. लाँगफर्ड इंजिनिअरिंग कंपनी, तिची आद्याक्षरं एल, ई, सी. १९४२ साली, ऐन युद्धात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बॉग्नोर रीजिस नावाच्या गावात चार्ल्स पर्ली यांनी ती काढली. माझ्या विद्यार्थीदशेतल्या भाड्याच्या खोलीत ओट्याखाली एक कमरेएवढा फ्रीज होता, त्याच्या दारावर हे नाव होतं. "आमची लेक फार थंड आहे" हा विनोद मी घरी फोनवर इतक्या वेळा केला की शेवटी आत्याने बंद कर म्हणून सांगितलं. (आत्या, वाचत असशील तर हा शेवटचा.)

आता त्या मुलाबद्दल. डेव्हिड पर्ली, जन्म १९४५. आधी सैन्यात होता, एडनला जाऊन आला, मग शर्यतींत उतरला. १९७३ साली फॉर्म्युला वनमध्ये आला तो भाड्याची मार्च गाडी घेऊन, आणि संघाचं नाव होतं लेक रेफ्रिजरेशन रेसिंग. म्हणजे पैसा फ्रीजचाच, ते कुणी नाकारत नाही. २९ जुलै १९७३ ला झान्डवूर्टच्या डच ग्रां प्रीमध्ये रॉजर विल्यमसनची गाडी उलटली आणि पेटली. पर्लीने आपली गाडी थांबवली, रस्ता ओलांडून धावत गेला, आणि ती जळती गाडी एकट्याने सरळ करायला लागला. नाही जमलं. अग्निशामक नळकांडं आणून रिकामं केलं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर आगीत शिरता येतील असे कपडेच नव्हते. बाकीचे ड्रायव्हर बाजूने जात राहिले, कारण त्यांना वाटलं की पेटलेल्या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे हा बाहेर उभा असलेलाच, तो तर सुखरूप आहे! शर्यत थांबली नाही. पंचवीस वर्षांचा विल्यमसन गेला. पर्लीला जॉर्ज मेडल मिळालं.

ज्या माणसाबद्दल हे ठाऊक आहे, त्याच्याविषयी पहिलं वाक्य "बापाचे पैसे" असं सुचतं तरी कसं? पण ते एक सोडून देऊ. माझं खरं भांडण दुसऱ्या वाक्याशी आहे: "कंपनी बुडणारच होती."

जरा सालं बघा. १९७७ मध्ये माइक पिलबीमने आराखडा केलेली लेकची स्वतःची फॉर्म्युला वन गाडी आली. त्याच वर्षी जुलैत सिल्व्हरस्टोनला अ‍ॅक्सिलरेटर अडकला आणि ताशी १७३ किलोमीटर वेगाची ती गाडी अवघ्या ६६ सेंटिमीटरमध्ये शून्यावर आली. तो वाचला याचंच सगळ्यांना नवल. फॉर्म्युला वन तिथे संपलं. २ जुलै १९८५ ला त्याचं कसरतीचं छोटं विमान बॉग्नोरजवळच समुद्रात कोसळलं, त्यात तो गेला. चाळीस वर्षांचा होता. आणि कंपनी विकली गेली कधी? १९९४ साली, मलेशियाच्या साइम डार्बीला. म्हणजे त्या गाडीनंतर सतरा वर्षांनी! हा कसला उधळेपणा, ज्याचं बिल सतरा वर्षांनी येतं?

बरं, लेकचं सोडा. मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या प्रेस्ड स्टीलचा 'प्रेस्टकोल्ड' फ्रीज होता. तिथे कुठला शर्यतवेडा वारस होता? तरी ब्रिटिश स्वयंपाकघरांतून तेही नाव गेलंच. १९४८ साली ब्रिटनमध्ये जेमतेम दोन टक्के घरांत फ्रीज होता, १९५९ मध्ये सुमारे तेरा टक्के. थंड हवा, दारात रोज दूध, उत्तरेच्या भिंतीला दगडी फळी असलेली कोठीची खोली. फ्रीज हवा कुणाला? त्यात १९५४ पर्यंत रेशन. मग लोकांना तो हवासा वाटायला लागला तेव्हा सरकारची गंमत सुरू झाली. महागाई वाढली की हप्त्यांचे नियम आवळायचे, आधी भरायची रक्कम वाढवायची, मुदत कमी करायची. मंदी आली की सैल सोडायचे. फ्रीज हप्त्याने घेणारंच गिऱ्हाईक जास्त. कारखान्याने यंदा किती फ्रीज बनवायचे ते कशाच्या भरवशावर ठरवावं?

आणि तेवढ्यात इटालियन आले. झानुसी, इग्निस, इंडेसिट. स्वस्त फ्रीज, प्रचंड संख्येने. गंमत म्हणजे इग्निसचे मालक जोव्हानी बोर्गी सायकल शर्यतींवर आणि बास्केटबॉलवर भरपूर पैसा लावायचे. तो म्हणे द्रष्टा उद्योजक, आणि पर्ली उधळ्या! खेळावर पैसा घातल्याने फ्रीज कंपनी बुडत असती तर आधी इग्निस बुडायला हवी होती.

मी असं म्हणत नाही की बॉग्नोरमध्ये सगळं शहाणपणाचंच चालायचं. कारखान्याला लागून कंपनीची स्वतःची धावपट्टी होती, आता बोला. पण एका छोट्या किनाऱ्यावरच्या गावात, बाहेरगावच्या मालकाशिवाय, पन्नास वर्षं फ्रीज बनत होते, माणसं कामावर जात होती. त्याचा हिशेब "मुलगा गाड्या उडवायचा" एवढ्यात मिटवला की मग सरकारचं धोरण, बाजार, नंतरचे मालक यांच्याबद्दल काही विचारावंच लागत नाही. फार सोयीचं आहे हे.

साइम डार्बीनंतर नाव आयर्लंडच्या ग्लेन डिम्प्लेक्सकडे गेलं. आज बॉग्नोरला लेकचा कारखाना नाही. नाव मात्र दुकानांत आणि औषधं-लशी साठवायच्या फ्रीजवर दिसतं, आणि ते दिसलं की हेच लोक कौतुकाने म्हणतात, "जुनी ब्रिटिश कंपनी हं! अजून टिकून आहे." म्हणजे कंपनी बुडालीही मुलामुळे, आणि टिकलीही आहे. दोन्ही एकाच तोंडाने. अहो, टिकलंय ते स्टिकर.

त्या गृहस्थांनी पुढच्या महिन्यात जेवायला बोलावलंय. जाणार आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर कुठलं नाव आहे ते मी पाहून ठेवलंय. मागची पाटी तेवढी वाचायची राहिली आहे.