सर्वाधिक पानं पॅरा-ड्रेसाजला

ऑगस्ट २०२२मध्ये डेन्मार्कमधल्या हर्निंगला जागतिक अश्वारोहण स्पर्धा झाल्या. अडथळ्यांच्या उड्यांमध्ये स्वीडनच्या हेन्रिक फॉन एकरमान यांनी किंग एडवर्ड या घोड्यावरून सुवर्ण जिंकलं. पण आमचं मन रमलं ते पॅरा-ड्रेसाजमध्ये, म्हणजे अपंग स्वारांनी घोड्याकडून ठरावीक हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेत. पहिल्या, म्हणजे सर्वाधिक अपंगत्वाच्या श्रेणीतले स्वार सगळ्या हालचाली फक्त चालत्या घोड्यावर करून दाखवतात. पायांत बळ नसेल, तर चाबकाच्या हलक्या स्पर्शावर घोडा वळतो. असा विश्वास वर्षानुवर्षांच्या सरावाने येतो!

अपंग स्वारांचं असं कौशल्य डेन्मार्कला नवं नव्हतं. पोलिओने गुडघ्यांखाली पाय लुळे पडलेल्या डॅनिश स्वार लिस हार्टेल यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धडधाकट पुरुषांच्या बरोबरीने ड्रेसाजचं रौप्य मिळवलं. घोड्यावर चढायला मात्र त्यांना आधार लागे. १९५६मध्ये पुन्हा रौप्य. म्हणूनच या अंकातली सर्वाधिक पानं पॅरा-ड्रेसाजला दिली आहेत.