रजेच्या अर्जामागचा सैनिक

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला मार्चअखेर कशी असते हे सांगावे लागत नाही. अशाच एका वर्षी, मी नुकताच शाखाधिकारी झालेलो असताना, कॅशमधल्या एका सहकाऱ्याने माझ्यापुढे महिनाभराच्या रजेचा अर्ज ठेवला. कारण लिहिले होते, 'प्रादेशिक सेनेचे वार्षिक शिबिर'. आधीच शाखेत माणसे कमी. मी वैतागून म्हणालो, "अहो, युद्ध कुठे चाललंय आत्ता? पुढच्या वर्षी जा की!" तो शांतपणे म्हणाला, "साहेब, युद्ध सुरू झाल्यावर शिकायला वेळ कुठे मिळतो?"

नियमाने रजा देणे भागच होते. मी सही केली. पण नंतर बरेच दिवस त्याच्याशी तुटकपणे वागलो. इतरांनी 'आले कर्नलसाहेब!' म्हणून त्याची टिंगल केली, तीही मी थांबवली नाही.

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत हे सारे पुन्हा आठवले. प्रादेशिक सेनेला सेवेवर बोलावण्याचे अधिकार केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना दिले. तिच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन तैनात करण्याची तरतूद झाली. बातमी वाचून घराघरांत एकच प्रश्न आला: ही कोणती सेना?

ही सेना आपल्यातल्याच माणसांची आहे. १९४८ च्या कायद्याने तिची रचना झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिची मूळ अटच अशी, की माणसाला पोटापाण्याचा स्वतंत्र उद्योग हवा. सैनिकी हा त्याचा चरितार्थ नव्हे. शहरी तुकड्यांतल्या जवानाने वर्षाकाठी साधारण महिनाभर प्रशिक्षण घ्यायचे आणि एरवी आपले काम करायचे. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांच्या वेळी ही माणसे बोलावली गेली. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन आपल्या पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. खाणींनी बोडके केलेले मसुरीचे डोंगर हिरवे करण्यासाठी १९८२ मध्ये उभी राहिलेली बटालियनही याच सेनेची.

अर्धवेळ सैनिक कितपत उपयोगी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत या शंकेची परीक्षा थेट आकाशातच झाली. तिथल्या आर्मी नॅशनल गार्डकडे स्वतःची हेलिकॉप्टर पथके आहेत. एरवी दुसरी नोकरी करणारे वैमानिक ती उडवतात. नाशिकरोडच्या लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्राची हेलिकॉप्टरे ज्यांनी डोक्यावरून जाताना पाहिली आहेत, त्यांना हे काम किती सरावाचे आहे याची कल्पना असेल. २०१४ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने गार्डकडची सगळी अपाची हेलिकॉप्टरे नियमित सैन्याकडे वळवायचे ठरवले. त्यावरून मोठा वाद झाला. अखेर २०१६ मध्ये राष्ट्रीय आयोगाने शिफारस केली, की अपाचीच्या चार बटालियन गार्डकडेच ठेवाव्यात.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हेलिकॉप्टर नव्हे. तो वैमानिक सोमवारी ज्या कचेरीत परततो, ती कचेरी. तिथे १९९४ च्या कायद्याने सैनिकी सेवेवर गेलेल्या माणसाची नोकरी सुरक्षित केली आहे. आपल्याकडेही सेवेवर बोलावलेल्या माणसाला परत कामावर घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पण कायदा खुर्ची परत देतो. साहेबाच्या कपाळावरची आठी तो पुसू शकत नाही. हुकलेली बढती, सोयीच्या जागी न झालेली बदली यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

छोट्या दुकानदाराला किंवा कारखानदाराला एक माणूस महिनाभर नसणे जड जाते, हे खरेच. त्याच्यासाठी सरकारने बदली माणसाच्या पगाराचा काही भार उचलायला काय हरकत आहे? मोठ्या बँका आणि कंपन्यांना मात्र ही सबब शोभत नाही. राखीव सेनेचे निम्मे ओझे जवान उचलतो. उरलेले निम्मे त्याचे टेबल सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी आणि महिनाभर एकहाती संसार ओढणाऱ्या घरच्यांनी उचलायचे असते. आम्ही आमचा वाटा उचलला, पण कुरकुरत.

तो सहकारी निवृत्त झाला, तेव्हा निरोप समारंभात मी बोललो. त्याच्या कॅशमध्ये कधी एका रुपयाचा फरक आला नाही, हे आवर्जून सांगितले. त्याच्या शिबिरांबद्दल मात्र एक शब्दही काढला नाही. तो ताळेबंद माझ्याकडून अजून जुळलेला नाही. तुमच्या कचेरीत असा रजेचा अर्ज आला, तर सही करताना एवढेच विचारा, "परत कधी येताय? तोवर तुमचं टेबल आम्ही बघतो."