बँडमास्तरांचे नाव काय?

नंदुरबारला वरातीत बँडने ‘माय नेम इज अँथनी गोन्सालवीस’ धरले, की आम्ही सारे नाचतो. हे अँथनी खरोखरीचे होते, हे मला फार उशिरा कळले. गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक व संगीत संयोजक. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तले नाव ही शिष्य प्यारेलाल यांची गुरुदक्षिणाच! चाल संगीतकाराची; पण कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे, ते संयोजक लिहून देई. पडद्यावर तो फार तर ‘सहायक’. हा अन्यायच. १९५८ मध्ये अँथनींनी मुंबईत भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसवले. २०१२ मध्ये ते गेले. आमचे बँडमास्तरही गाणे असेच क्लॅरिनेट-ट्रंपेटांत वाटून देतात. परवा त्यांना नाव विचारले, तर बिचकले. त्यांना वाटले, काही तक्रार आहे.