मुलाच्या खेळात मोठ्यांनी पाहुणे व्हावे

रमजानमध्ये असरची नमाज झाली की इफ्तारपर्यंतचा वेळ लवकर सरत नाही. स्वयंपाकघरात गडबड असते, रोजा धरलेली मोठी माणसे घड्याळाकडे पाहत असतात आणि लहान मुलांना कुठे गुंतवावे हा प्रश्न पडतो. घरात चार-पाच वर्षांचे स्वमग्न मूल असेल तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. या महिन्यात त्याच्या दिवसाची घडीच मोडलेली असते. पहाटे सहरीला दिवे लागतात, भांडी वाजतात, दुपारी घरात ताट मांडले जात नाही, रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा असते. ठरलेल्या क्रमावर ज्याचा दिवस उभा असतो, त्या मुलाला हा बदल पेलत नाही. गणपतीत किंवा दिवाळीत शेजारच्या हिंदू घरातल्या अशाच मुलाचे हेच होते. सण सगळ्यांचा असतो. या मुलासाठी मात्र तो गोंगाट होऊन बसतो.

स्वमग्नतेचे वर्णन डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून केले. पुढे बरीच वर्षे आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, असे सांगितले गेले. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी हे मत खोडून काढले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते, हे आज मान्य झाले आहे. तरीही गावागावांत आईलाच बोल लावला जातो. कुणी म्हणते मोबाईल दिला म्हणून असे झाले, कुणी म्हणते नजर लागली. मग एका घरात ताईत बांधला जातो, दुसऱ्या घरात दृष्ट काढली जाते. या धावपळीत एक साधी गोष्ट मागे पडते, ती म्हणजे मुलाशी खेळणे.

‘त्याला खेळताच येत नाही,’ अशी तक्रार असते. खरे तर ते मूल खेळत असते, फक्त त्याचा खेळ वेगळा असतो. ते मोटारगाडी जमिनीवर चालवत नाही, उलटी करून तिचे चाक फिरवत बसते. डब्यांची झाकणे ओळीने लावते. मोठ्या माणसाला वाटते, हे थांबवून त्याला ‘नीट’ खेळायला शिकवावे. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ स्टॅनले ग्रीनस्पॅन यांनी उलटी वाट दाखवली. जमिनीवर मुलाशेजारी बसा, ते जे करते त्यातच सामील व्हा. ते झाकण लावत असेल तर पुढचे झाकण त्याच्या हाती द्या. ओळ त्याची, मदतनीस आपण. पाहुण्याने यजमानाच्या घरात वागावे, तसे त्याच्या खेळात वागायचे.

अशा खेळासाठी केळव्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. पालघर-बोईसरची कुटुंबे सुट्टीच्या दिवशी येथे येतात, पण या मुलासाठी गर्दी नसलेला आडवार बरा. वेळ ठरवायला चंद्र मदत करतो. रमजानचा महिना चंद्राचा आणि भरती-ओहोटीही चंद्राचीच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी येते आणि संध्याकाळी पाणी दूर गेलेले असते. म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला आणि मध्यावर इफ्तारच्या आधी ओली, घट्ट, रुंद वाळू मिळते. अष्टमीच्या सुमारास मात्र संध्याकाळी पाणी चढलेले असते. तेव्हा किनाऱ्याऐवजी सुरूच्या झाडांखाली बसावे.

त्या ओल्या वाळूत करायचे काय? अनवाणी चालायचे, मागे वळून आपली पावले पाहायची. शिंपले गोळा करून लहान-मोठे ओळीने मांडायचे. बारीक खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढलेली असते, ती वाकून पाहायची. कोरडी वाळू मुठीतून सोडायची, अगदी शंभर वेळा. ‘एक, दोन...’ म्हणून थांबायचे. मूल क्षणभर तोंडाकडे पाहते किंवा हात ओढते, तेव्हा ‘तीन’ म्हणून वाळू सोडायची. तो एक क्षण म्हणजे संवाद. शब्द नसतील, पण पुढे शब्द आले तर याच वाटेने येतात. कुणाला ओल्या वाळूचा स्पर्शच सहन होत नाही. त्याचा हात ओढून वाळूत घालू नये. त्याच्या हाती काठी द्यावी, तो रेघा ओढेल.

एक काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यायला हवी. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची जबर ओढ असते आणि धोक्याची जाणीव कमी. केळव्याच्या समुद्रात पर्यटकांचे जीव गेल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. म्हणून एका मोठ्या माणसाकडे मुलाचा हात धरणे हे एकच काम असावे. त्याने त्या वेळात फोन खिशातून काढू नये.

समुद्र रोज जमत नाही. घरातही खेळ भरपूर आहेत. इफ्तारच्या वेळी प्रत्येक ताटलीत एकेक खजूर ठेवायचे काम याच मुलाला द्यावे. ओळ लावायची त्याची आवड येथे घराच्या उपयोगी पडते आणि सगळे त्याने ठेवलेल्या खजुरानेच रोजा सोडतात. कणकेचा गोळा दाबायला द्यावा. केळवे-माहीमच्या पानवाडीत ज्यांचा राबता आहे, त्यांनी विड्याची लहान-मोठी पाने वेगळी करायला द्यावीत. दोघांनी चादरीची टोके धरून झोका द्यावा. तोंड मोकळे ठेवून गोधडीत सैलसर गुंडाळावे. तो दाब कित्येक मुलांना शांत करतो. गाड्यांचे वेड असेल तर केळवे रोड स्टेशनवर रुळांपासून दूर, हात धरून बसावे आणि जाणाऱ्या गाड्या पाहाव्यात. कर्कश भोंगा सहन होत नसेल तर कानांवर हात ठेवावेत. भिंतीवर दिवसाची चित्रे ओळीने चिकटवावीत: झोप, न्याहारी, वाळू, इफ्तार, पुन्हा झोप. पुढे काय होणार हे दिसले की भीती कमी होते.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. म्हणून उपचार नकोत, असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे आणि त्यात स्वमग्नताही पाहिली जाते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे; 1995 च्या कायद्यातील सात प्रकारांत ती नव्हती. तपासणी करावी, प्रमाणपत्र घ्यावे, थेरपी मिळेल तेथे जावे. पण थेरपिस्टकडे मूल आठवड्यातून तास-दोन तास असते. उरलेला सारा वेळ ते घरी आणि गावात असते.

खरा अडसर गावातच आहे. वाळूत हात फडफडवणारे, मोठ्याने ओरडणारे मूल दिसले की माना वळतात. ‘काही वळण लावले नाही का?’ असा प्रश्न कानावर येतो. असे दोन-तीनदा झाले की आई किनाऱ्यावर यायची बंद होते. मग लग्न, ईद, जत्रा सगळेच सुटते. पाहणाऱ्याचा एक कटाक्ष त्या मुलाचा समुद्र हिरावून घेतो.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. पैगंबर साहेब नमाज लांब करायच्या इराद्याने उभे राहत. पण मागे एखादे मूल रडताना ऐकू आले की आईच्या जिवाची घालमेल ओळखून ते नमाज आटोपती घेत. आईला मूल घेऊन बाहेर जा, असे त्यांनी सांगितले नाही. इबादतीने मुलासाठी जागा केली. मग मशिदीचे अंगण, देवळाचा ओटा, सुरूची बाग आणि लग्नाचा मांडव यांना तेवढी जागा का करता येऊ नये?

गावाने करायचे ते फार थोडे आहे. टक लावून पाहू नये. न विचारता सल्ला देऊ नये. शक्य तेथे लाऊडस्पीकरचा आवाज उतरवावा. आपल्या मुलाला सांगावे, ‘तो असाच खेळतो, तूही एक शिंपला ठेव.’ त्या ओळीत दुसऱ्या मुलाचा एक शिंपला लागला, की आईला उद्याही किनाऱ्यावर यावेसे वाटेल.