मालगाडीचा आवाज

नाशिकरोडला रुळांच्या शेजारीं ज्यांचें बालपण गेलें, त्यांना रात्रीची मालगाडी ऐकल्यावांचून झोंप येत नसे. आम्ही त्यांपैकींच एक. म्हणून गेल्या सुटींत आमच्या नातवानें बैठकीच्या खोलींत छोटी रेल्वे मांडली, तेव्हां आम्हांसही कौतुक वाटलें. पुण्यास कोथरूडमध्यें भाऊ जोशी यांच्या परिश्रमांतून १९९८ सालीं उघडलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहिल्यापासून त्याला हें वेड लागलें आहे. त्याच्या इंजिनांत आवाजाची योजना आयतीच होती. भोंगा वाजे, यंत्र घरघरे. मुलगा खूष होता.

आमचे काका नव्वदीच्या घरांत आहेत. तरुणपणीं ते मालगाडीचे गार्ड होते. आतां त्यांना दिसत नाहीं. त्यांना खुर्चीवर बसवून गाडी दोन फेरे फिरविली. ते म्हणाले, "इंजिन गेलें, समजलें. पण बाळ, तुझी गाडी कुठें आहे?"

मुलाचें तोंड उतरलें, आणि आम्हीही ओशाळलों. कारण काकांचें म्हणणें खरें होतें. इंजिन क्षणांत पुढें निघून जातें. मालगाडी म्हणून जें कानांत राहतें, तें मागच्या वाघिणींच्या चाकांचें असतें. पूर्वीं १३ मीटर लांबीचे रूळ पट्ट्यांनी जोडलेले असत. प्रत्येक सांध्यावर प्रत्येक चाक ठोका देई. चारचाकी वाघिणींचे ठोके एकेक मोजतां येत. आजच्या कोळशाच्या आठचाकी वाघिणी जोडल्या, कीं एकीचीं मागलीं व दुसरीचीं पुढलीं चाकें जवळ येतात. म्हणून चार ठोके एकदम आणि मग पोकळी, अशी लय होते. आतां मुख्य मार्गांवर रूळ वितळवून अखंड जोडतात. प्रवास सुखाचा झाला, पण तो ठोका गेला.

तो घरीं आणणें अवघड नाहीं. नातवाची गाडी मूळच्या ८७व्या हिश्श्याची आहे. म्हणजे १३ मीटरांचे सुमारें १५ सेंटिमीटर होतात. तेवढ्या अंतरावर दोन्ही रुळांच्या माथ्यावर समोरासमोर बारीक करवतीनें उथळ खांच पाडली. खांच खोल झाल्यास चाक अडखळून गाडी घसरते. कड कानशीनें गुळगुळीत करावी व धातूचा चुरा पुसून काढावा, नाहीं तर वीज भलतीकडे वाहते. वाघिणींचीं प्लॅस्टिकचीं चाकें काढून धातूचीं बसविलीं. आवाज कोठून विकत आणावा लागला नाहीं. चाकांनीच तो केला.

एका वाघिणींत मात्र नातवानें लहानसा स्पीकर व आवाज सांठविलेली चिप बसविली. ब्रेक घट्ट बसून चाक रुळावरून फरफटलें, कीं त्याचा एक भाग चपटा होतो आणि पुढें दर फेऱ्यास धपका देतो. कसारा-इगतपुरीचा १८६५ सालीं खुला झालेला घाट ३७ फुटांस १ फूट चढतो. तो उतरतांना ब्रेक कसे सांभाळावे लागतात, हें काकांकडून आम्हीं कितीदां तरी ऐकलें आहे. म्हणून तो धपका हवाच होता. पहिल्या प्रयत्नांत गाडी थांबली तरी तो वाजतच राहिला, आणि काका हंसले. मग आंसावर इवलेंसें लोहचुंबक चिकटविलें. तें फिरेल तेव्हांच चिप बोलते. चाक थांबलें, कीं आवाजही थांबतो. आवाज गतीच्या स्वाधीन असला, तरच कान फसतो.

संध्याकाळीं काकांना पुन्हा बसविलें. ते कांहीं वेळ मान कलती करून ऐकत राहिले.

"रिकामी आहे रे," ते म्हणाले.

मुलानें निमूटपणें प्रत्येक वाघिणींत लोखंडी नट भरले. खडखड दबली, ठोका जड झाला. काका कांहीं बोलले नाहींत. दहाव्या कीं बाराव्या फेऱ्याला पाहतों तों खुर्चींतच त्यांचा डोळा लागलेला.

त्यांची झोंप मोडूं नये म्हणून मुलानें हळूच गाडी थांबविली. काका तत्क्षणीं जागे झाले. "सिग्नल मिळाला नाहीं वाटतें?" त्यांनी विचारलें.

मुलानें गाडी पुन्हा सुरू केली.