परतीची वाट दाखवणारे यंत्र आणि धूसर नियम

पाऊस सुरू झाला की सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे तालुक्यांतील डोंगरांकडे गोमंतकीयांची पावले वळतात. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचे, नेत्रावळी २११चे आणि मोलेचे भगवान महावीर अभयारण्य २४० चौरस किलोमीटरचे. नकाशावर लहान दिसणारी ही राने धुके उतरल्यावर माणसाला सहज हरवून टाकतात. जुलै २०२३ मध्ये मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी केली; परंतु डोंगर चढण्याची हौस बंदीने मावळत नाही. अधिकृत परवानगी घेऊन, वाटाड्या सोबत घेऊन जाणाऱ्यांपुढेही एक प्रश्न उरतोच : परतीची वाट चुकली तर?

वाट बहुधा उतरतानाच चुकते. चढताना डोंगराच्या सोंडा माथ्याकडे एकत्र येत जातात, त्यामुळे थोडे इकडेतिकडे झाले तरी माणूस शिखरावर पोचतो. उतरताना त्याच सोंडा पसरत जातात आणि पहिल्या फाट्यावर झालेली चूक तासाभरात माणसाला भलत्याच खोऱ्यात नेऊन सोडते. हातात मावणारे साधे जीपीएस यंत्र याच संकटावरचा उपाय आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ते ऐकते, किमान चार उपग्रहांच्या आधारे आपले स्थान ठरवते आणि चाललेल्या वाटेची नोंद ठेवते. त्याला मोबाइलचा मनोरा लागत नाही. ते स्वतः अवकाशात काहीही पाठवत नाही. रेडिओसारखे केवळ ऐकते.

हा फरक तांत्रिक वाटला तरी गोव्यात त्याला कायदेशीर महत्त्व आले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र जवळ बाळगल्याबद्दल अडवून पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. त्याच महिन्यात एका चेक नागरिकावरही अशीच वेळ आली. त्याच्याजवळ होते सायकलच्या दांड्यावर लावायचे जीपीएस यंत्र, म्हणजे उपग्रहांचे केवळ ऐकणारे. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यानेही पुढे आपल्या प्रवासी सूचनेत उपग्रह-फोनसोबत उपग्रहावर चालणाऱ्या दिशादर्शक साधनांचा उल्लेख केला.

उपग्रह-फोनवरील निर्बंधांमागील कारण समजण्याजोगे आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी अशी साधने वापरली होती आणि देशातील दूरसंचार जाळ्याबाहेरून होणारे संभाषण ही सुरक्षायंत्रणांची खरी अडचण आहे. परंतु ज्या कायद्यांचा आधार या कारवायांना मिळत आला, ते १८८५ आणि १९३३ सालचे आहेत. १९३३ च्या बिनतारी संदेश कायद्याने ‘बिनतारी संदेशवहना’च्या व्याख्येत पाठवण्याबरोबर ग्रहण करण्याचाही समावेश केला. घरातल्या रेडिओसाठी परवाना काढावा लागे, त्या काळाची ती भाषा. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये तोच जीपीएस ग्राहक बसवलेला असतो, त्याला कोणी हरकत घेत नाही. मग तेच काम करणाऱ्या वेगळ्या डबीकडे संशयाने का पाहावे?

वास्तविक शासनाचे धोरण उलट दिशेने चालले आहे. भारताने स्वतःची ‘नाविक’ ही दिशादर्शक यंत्रणा उभारली; मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात स्वदेशी अणुघड्याळ बसवले आणि सामान्य ग्राहकयंत्रांना सोयीची एल-१ ही लहरही त्यात आणली. नागरिकांनी ही सेवा वापरावी असे एकीकडे म्हणायचे आणि ती ऐकणारे यंत्र विमानतळावर संशयास्पद ठरवायचे, ही विसंगती आहे.

खरेदी करणाऱ्याने म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा तो कायद्याचा. यंत्रावर आपत्कालीन एसओएस कळ असेल, इरिडियम किंवा तत्सम उपग्रहसेवेची वर्गणी भरावी लागत असेल, तर ते संदेश पाठवणारे आहे आणि परवानगीविना ते बाळगणे गुन्हा ठरू शकतो. परदेशातील आप्तांकडून यंत्र मागवताना ही चूक सहज घडते, कारण दोन्ही प्रकार एकाच कंपनीचे आणि दिसायला सारखेच असतात.

त्यापुढची निवड सोपी आहे. रंगीत नकाशे आणि गाण्यांची सोय यांपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आलेल्या वाटेनेच परत नेण्याची सोय. स्वस्त यंत्रे केवळ आरंभस्थानाकडे बाण दाखवतात. तो बाण सरळ रेषेत असतो आणि मध्ये कडा आहे की ओहोळ, हे त्याला ठाऊक नसते. दुसरी, बाजारात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणे आणि कळा असणे. भिजलेल्या बोटांना मोबाइलचा काचपडदा दाद देत नाही आणि त्याची बॅटरी संपली की रानात ती भरता येत नाही. तिसरी, यंत्रातील विद्युत होकायंत्र. ते नसेल तर चालू लागल्याखेरीज यंत्राला आपले तोंड कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही. घेरून आलेल्या धुक्यात चार पावलेही महाग पडतात.

यंत्राच्या मर्यादाही ओळखाव्यात. मोकळ्या आभाळाखाली काही मीटरपर्यंत अचूक असणारे हे यंत्र दाट झाडोऱ्यात किंवा अरुंद घळीत बरेच चुकते. निघताना गाडीपाशी थांबून स्थान नोंदवायचे राहिले, तर पुढचे सारे व्यर्थ. आणि मदत मागण्याची वेळ आलीच, तर माथ्यावर जिथे मोबाइलला रेंज मिळेल तिथून ११२ क्रमांकावर अक्षांश-रेखांश सांगताना ते कोणत्या पद्धतीचे आहेत तेही सांगावे. १५.५० अंश म्हणजे १५ अंश ३० मिनिटे. ऐकणाऱ्याने ते १५ अंश ५० मिनिटे समजले, तर सुमारे ३७ किलोमीटरचा फरक पडतो. पणजीच्या अक्षांशावरचा माणूस मग बांद्याच्या आसपास शोधला जाईल.

राज्य आणि केंद्र शासनाला येथे करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. केवळ ग्रहण करणारी यंत्रे मुक्त आहेत, हे एका स्पष्ट परिपत्रकाने सांगावे आणि विमानतळावरील सुरक्षा कर्मचाऱ्यांना दोन प्रकारांतील फरक शिकवावा. वनखात्याने परवानगी देताना वाटेच्या आरंभस्थानाचे अक्षांश-रेखांश पावतीवरच छापून द्यावेत. याला फारसा खर्च नाही. रानात रात्र पडलेल्या एखाद्या तरुणाच्या घरी मात्र त्याचे मोल कळेल.