प्रार्थना ऐकली गेली की नाही, हे कोण ठरवणार?

आमच्या शाळेत वसईच्या एक ख्रिस्ती शिक्षिका आहेत. घरी मराठीच बोलतात. मागच्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ आजारी पडला. शाळा सुटल्यावर दर बुधवारी त्या लोकलने माहीमला जाऊन चर्चमधल्या नोव्हेनाला बसत. सहा महिन्यांनी भाऊ गेला. त्या पुन्हा कामावर आल्या, तेव्हा स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारले, "एवढ्या प्रार्थना केल्यात, काय उपयोग झाला?" मी गप्प बसायला हवे होते. पण मीही शहाणपणा केला. म्हटले, "बाई, मध्ये कोणाला घालायचे कशाला? थेट अल्लाहकडेच मागायचे." त्या काही बोलल्या नाहीत. डबा न उघडताच वर्गावर गेल्या.

ती गोष्ट मला बरेच दिवस टोचत राहिली. मग मी शुभवर्तमाने वाचायला घेतली. ती वाचल्यावर कळले की ज्यावर मी बोलले, ते मला माहीतच नव्हते.

ख्रिस्ती माणूस ईश्वराला 'पिता' म्हणून हाक मारतो. आपण तसे म्हणत नाही, तो आपल्या अकीद्याचा भाग आहे. पण त्या हाकेतून त्यांची प्रार्थनेची समजूत उलगडते. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू लोकांना विचारतात की मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप त्याच्या हातावर दगड ठेवील? म्हणून ते सांगतात, मागा. पण बाप प्रत्येक मागणीला 'हो' म्हणतो असे नाही. कधी 'थांब' म्हणतो, कधी 'नाही' म्हणतो. ही तिन्ही उत्तरेच आहेत, असे ख्रिस्ती धर्मोपदेशक समजावतात. येशूंनी शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही ईश्वराची इच्छा पूर्ण होवो ही मागणी आधी येते आणि रोजच्या भाकरीची नंतर.

या शिकवणीची कसोटी त्यांच्याच ग्रंथात आहे. गेथशेमाने बागेत येशू तीनदा प्रार्थना करतात की हा दुःखाचा प्याला टळो, पण माझ्या नव्हे, तुझ्या मर्जीने होवो. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे प्याला टळला नाही. संत पौलाने आपल्या देहातला 'काटा' निघावा म्हणून तीनदा विनवले. काटा निघाला नाही, तो सोसण्याइतकी कृपा मिळाली. वधस्तंभाबद्दल कुरआन वेगळे सांगतो, तो फरक मी पुसत नाही. मुद्दा एवढाच की ज्यांच्या ग्रंथात खुद्द येशूंची विनंती अशी राहते, त्यांना 'तुमचा ईमान कमी पडला' असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे काय आहे? हजरत नूह अलैहिस्सलाम यांनी बुडणाऱ्या मुलासाठी अल्लाहला साद घातली. पैगंबराची दुआ, तीही बापाची, पण मुलगा वाचला नाही. हजरत जकरिया अलैहिस्सलाम यांना मात्र म्हातारपणी मुलगा मिळाला. ही हकीकत सूरह मरयममध्येही आहे आणि लूकच्या शुभवर्तमानातही. हदीसमध्ये दुआचे तीन परिणाम सांगितले आहेत. मागितलेले मिळते, किंवा आखिरतसाठी राखून ठेवले जाते, किंवा तेवढ्याच मोलाचे एखादे संकट टाळले जाते. मग ज्या शिक्षिकेला मी उपदेश करत होते, तिची आणि माझी अडचण किती वेगळी होती?

ख्रिस्ती लोकांतही सगळे एका मताचे नाहीत. कॅथलिक मरियमेला आणि संतांना 'आमच्यासाठी विनंती करा' म्हणतात, प्रोटेस्टंट बहुधा ते मानत नाहीत. माहीमचा बुधवारचा नोव्हेना 1948 पासून चालू आहे. तिथे मेणबत्ती लावायला सगळ्या धर्मांचे लोक जातात. त्याच माहीममध्ये मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यावर चादर घेऊन जाणारेही सगळ्या धर्मांचे असतात. 'दान द्या, चमत्कार घ्या' म्हणणारे उपदेशक त्यांच्यात आहेत, तसे ताविजाचे दर सांगणारे आपल्यातही आहेत. दोघे एकच गोष्ट विकतात. आणि काम झाले नाही की दोष मागणाऱ्याच्या श्रद्धेवर ढकलतात.

प्रार्थना माणसाला कामाला लावते, हेही विसरू नये. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात निराधार मुलींना केडगावला आणले, त्यांना जेवू घातले, शिकवले, हाताला काम दिले. त्यांचा दिवस प्रार्थनेने भरलेला असे. तरी 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. रमाबाई 1922 मध्ये वारल्या, तोवर त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतलेल्या होत्या. त्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही, असे म्हणायचे धाडस कोण करील?

माझे मत एवढेच आहे. दुसऱ्याच्या दुआचा निकाल लावणे हे आपले काम नाही. अकीद्याची चर्चा जरूर करावी, पण मयतीच्या घरी नव्हे. सूरह बकरामध्ये अल्लाह आपण जवळ असल्याचे आणि हाक मारणाऱ्याला प्रतिसाद देत असल्याचे सांगतो. प्रतिसाद कसा द्यायचा, हे त्याने आपल्या हाती ठेवले आहे.

गेल्या महिन्यात मी त्या बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भाऊ वाचला नाही, पण शेवटी तो घाबरला नव्हता. मी तेही मागितले होते."